हुंकार देणारा बाप

या मंडळी, जरा पुढं सरका. खांबाला टेकून बसलेल्यांनीही यावं, सतरंजी मोठी आहे. ही कथा माईकवरून सांगण्यासारखी नाही, म्हणून जवळ बोलावतो. एका बापाची गोष्ट सांगतो. त्याला एकच अक्षर बोलायचं काम दिलं होतं आणि तेवढंच त्याच्याकडून धड झालं नाही. त्यापायी जिवंत परतलेला लेक हातचा जायची वेळ आली. गेला की राहिला, ते ऐकाल तेव्हा कळेल.

करमाडच्या शिवारात बिभीषणाचं घर. जात धनगराची. शेंद्र्याकडं कंपन्या उभ्या राहिल्या तशी चराई आटली आणि वाडग्यात मोजकी मेंढरं उरली, पण बिभीषणाला त्याची फार खंत नव्हती. त्याचा जीव कीर्तनात. पंचक्रोशीत कुठं मंडप पडला की मेंढरं बायकोच्या, बानाबाईच्या गळ्यात घालून हा टाळ घेऊन निघालाच. पहिल्या ओळीत उभा राहायचा. इतकी कीर्तनं ऐकलेली की महाराज आख्यानाला हात घालायच्या आत याचे ओठ पुढची ओळ पुटपुटत. बानाबाई म्हणायची, "देवाला बी पुढचं ठाऊक नसंल तेवढं ह्यांला ठाऊक असतं."

त्यांचा एकुलता एक बिरू फौजेत. त्या वर्षी तो मोठ्या सुट्टीवर घरी आला, पण आला तो नेहमीचा बिरू नव्हता. पेढे नाहीत, दोस्तांची टोळी नाही. पिशवी ठेवली आणि भिंतीला पाठ लावून दाराकडं तोंड करून बसला. जेवायलाही तिथंच. कुणी मागून आलं की मान झटक्यात वळायची. रस्त्यावर ट्रॅक्टरनं फाटकन धूर सोडला की हा अंगणात पालथा. मग कपडे झाडत उठायचा आणि कुणी पाहिलं का ते बघायचा.

सरहद्दीवर एका डोंगरउतारावर त्यांच्या तुकडीवर गोळीबार झाला होता. जागेचं नाव बिरूनं कधी सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. त्यात गोकुळ गेला. गोकुळ मुकुंदवाडीचा. दोघं एकाच भरतीत निवडले गेले, मुकुंदवाडीच्या त्या छोट्याशा स्टेशनातून एकाच गाडीनं निघाले. गोकुळच्या मागं घरी फक्त आई, आशाबाई. बिरू सुट्टीवर येऊन दिवस लोटले तरी तिच्या उंबऱ्यावर गेला नव्हता.

पलटणीच्या डॉक्टरांनी त्याला घरी पाठवतानाच सांगितलं होतं, की आठवड्यातून दोनदा छावणीत विशाखा मॅडमकडं जायचं. मॅडम समुपदेशक. बिभीषण लेकाबरोबर जायचा. बस जालना रोडनं शहरात शिरली आणि मुकुंदवाडीचा थांबा आला की बिरू खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागायचा. नाडी सुटलेली नसायचीच. बाप खिडकीबाहेर बघायचा.

एके दिवशी मॅडमनी बापालाही आत बोलावलं.

"काका, असा धक्का मनात राहून जो आजार होतो, तो अजून झालेला नाही. होऊ नये म्हणूनच आपण बसलोय."

"तर मंग गोळ्या बिळ्या…"

"गरज पडली तर डॉक्टर देतील. माझं काम बोलण्याचं आहे. त्या दिवसाचे तुकडे बिरूच्या डोक्यात सुटे पडलेत. एखादा आवाज आला की एक तुकडा उठतो, आणि सगळं आत्ताच घडतंय असं त्याला वाटतं. तो दिवस सुरुवातीपासून शेवटापर्यंत ओळीनं सांगता आला, पुन्हा पुन्हा सांगता आला, तर हळूहळू मागं पडतो."

"इसरून जातो म्हणा की."

"विसरत नाही. मागं पडतो. दोन्हीत फरक आहे."

बिभीषणानं मान हलवली. फरक काही त्याला कळला नव्हता.

"इथं तो माझ्यापुढं सांगतो. घरीही एक माणूस हवा. मधे बोलायचं नाही. धीर द्यायचा नाही. तो थांबला तर थांबू द्यायचं, पुढं काय झालं म्हणून विचारायचं नाही. फक्त 'हं' म्हणायचं."

"म्हंजी हुंकार द्यायचा."

"तेच. आणि ऐकलेलं तिथंच ठेवायचं, गावात न्यायचं नाही. आणखी एक. कुणी सत्कार ठेवला, चार शब्द बोला म्हणून उभं केलं, तर सरळ नाही म्हणा. त्याच्या गतीनं होऊ द्या. जोर केला तर भरत आलेली जखम उसवते."

बिभीषण मनात हसला. जन्मभर महाराजांना हुंकार दिला, हे तर घरचंच काम.

आधी बानाबाईनं करून पाहिलं. बिरूनं तोंड उघडलं, "आम्ही उताराला लागलो," एवढं म्हणाला, की तिनं त्याचं डोकं मांडीवर ओढलं. "जाऊ दे माझ्या राजा. इसर. घरी आलास ना." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी बिरू तिच्यापुढं बसलाच नाही. म्हणून काम बापाकडं आलं.

दुपारी मेंढरं बाभळीखाली बसली की बाप-लेक वाडग्याच्या काटेरी कुपाटीला बसायचे. बिरू सांगायचा. कवळं ऊन कसं होतं, गोकुळ पुढं कसा चालला होता, चालता चालता भसाड्या आवाजात काहीतरी गुणगुणत होता आणि हवालदारसाहेबांनी त्याला गप केलं. मग समोरच्या टेकाडावरून गोळी आली. गोकुळच्या मांडीत लागली. बिरूनं त्याला धरून खाली ओढायला सुरुवात केली. उतार खडीचा, पाय ठरेना. साहेब खालून ओरडत होते, आडोशाला या, आडोशाला या. गोकुळ म्हणत होता, "बिरू, सोडू नको." बिरूनं त्याचं मनगट धरलेलं होतं.

इथं तो थांबायचा. दररोज इथंच. कुपाटीचा एक काटा मोडून बोटांत फिरवायचा आणि उठून जायचा.

"हं," बिभीषण म्हणायचा. पण असं अर्धं टाकणं त्याला पटायचं नाही. अहो, कीर्तनातला माणूस तो. आख्यान आडरानात सोडून महाराज खाली बसले असं त्यानं कधी पाहिलेलं नव्हतं. संकट आलं की देव धावतो, बुडणारा काठाला लागतो, मग गजर होतो आणि माणसं डोळे पुसत घरी जातात. लेक मनगटापाशी थांबला की याच्या मनात पुढची ओळ आपोआप उमटायची. उचलला असणार. माझ्या बिरूनं त्याला खांद्यावर घेतला असणार. खाली आणला असणार, अन् खाली आल्यावर त्यानं बिचाऱ्यानं प्राण सोडला असणार. रोज उमटता उमटता ते त्याला खरंच वाटायला लागलं. लेकानं सांगितलेलं कुठं संपलं आणि आपलं कुठं सुरू झालं, ही शीवच पुसली गेली.

अशात गावात सप्ताह बसला. काल्याच्या कीर्तनाला हर्सूलकडचे रामप्रसाद महाराज येणार होते. महाराज रसाळ, मनाचे मऊ. बोलता बोलता त्यांचेच डोळे भरायचे. आदल्या दिवशी ते मुक्कामाला आले तेव्हा पाय चेपायला बिभीषण. महाराजांनी विचारलं, "पोरगा काय म्हणतो तुझा, फौजेतला?"

आणि बिभीषण बोलून गेला. सगळं. खडी, गोळी, मनगट. आणि मनगटापाशी तो थांबला नाही.

महाराज उठून बसले. "अरे, खांद्यावर आणला? गोळ्या चालू असताना?"

"व्हय म्हाराज."

"बिभीषणा, अशी माणसं आपल्यात बसलेली असतात आणि आपण दाखले लांबचे देतो. उद्या हाच दृष्टांत."

बिभीषणाचं काळीज सुपाएवढं झालं. मॅडमचं बोलणं आठवलं नाही असं नाही. पण त्यानं मनाची समजूत घातली, की मॅडम सत्काराला नको म्हणाल्या, भाषणाला नको म्हणाल्या. कीर्तनाला कुठं नको म्हणाल्या? देवाच्या दारात पोराचं नाव निघालं तर त्याच्या मनाला बरंच वाटंल की.

काल्याचा दिवस उजाडला. मंडपातून काकड्याचा आवाज वाडग्यापर्यंत येत होता. बिभीषण मेंढरं सोडत होता, तोच बिरू आपणहून आला. दुपारची वाट न बघता कुपाटीला बसला.

"आबा, बसा. आज सांगून टाकतो."

बिभीषण बसला. बिरूनं उतारापासून सुरुवात केली. तेच ऊन, तेच गुणगुणणं, तीच गोळी. मनगटापाशी आला. थांबला.

"मंग मनगट माझ्या हातात नव्हतं," बिरू म्हणाला. "मी खाली दगडाच्या आड होतो. तो वर. उघड्यावर. आबा, हात सुटला का मी सोडला, हे मला कळत नाय. खडीवरून पाय गेला तव्हा सुटला म्हणावं, तर गोळी कानापासून गेली तव्हा मी भ्यालो होतो हे बी खरं. भ्यालो म्हून सोडला असंल. तो मला हाका मारीत होता. लई वेळ नाय. पण मारीत होता. मी गेलो नाय. साहेबांनी जाऊ दिलं नाय का मीच गेलो नाय, ते बी आता सांगता येत नाय. दुसऱ्या दिवशी त्याला आणलं. त्या तुकडीत मी होतो."

बिभीषणानं ते एकच अक्षर म्हटलं.

"हं."

बिरूनं चेहरा दोन्ही हातांनी पुसला. बऱ्याच दिवसांनी त्याचे खांदे खाली उतरलेले दिसले. "मॅडम म्हणत होत्या, हे एकदा ओळीनं निघालं की मुकुंदवाडीला कसं जायचं त्याचं बघू. त्या बरुबर येणार हैत. आशामावशीला मीच सांगणार. दुसऱ्या कुणाच्या तोंडून तिला कळाय नको." मग उभा राहत म्हणाला, "चला, आज कीर्तनाला येतो मी. मागं बसंन."

"तू… आज नको येऊ बिरू. गर्दी लई असती."

"असू द्या की. बरं वाटतंय मला आज."

तो अंघोळीला गेला. बिभीषण तिथंच. मग टाळ उचलून निघाला तो धावतच. महाराज उभे राहायच्या आत गाठायचं, पाय धरायचे, तो दृष्टांत घेऊ नका म्हणायचं. एवढंच तर करायचं होतं.

मंडपाच्या तोंडाशी सप्ताहाचे पुढारी नानासाहेब पांढऱ्या कपड्यांत, हातात नारळ आणि शाल.

"काय रे टाळकरी, आज उशीर? आणि तुझा हिरो कुठाय?"

"नानासाहेब, म्हाराज कुठं हैत?"

"उभे राहिले की. ऐकू येत नाही का तुला? बरं, ती पुढची खुर्ची बघितलीस? मुकुंदवाडीहून आणवली तिला. गाडी पाठवली होती मी. महाराजांनी रात्री सांगितलं, म्हटलं मग त्या मुलाच्या आईलाच बोलवू. तिच्या हातानं बिरूला शाल."

खुर्चीवर एक बाई बसली होती. डोक्यावरून पदर, हात मांडीवर. आशाबाई.

बिभीषण टाळकऱ्यांच्या ओळीत शिरला. महाराजांचं निरूपण रंगात आलेलं, पखवाज बोलत होता, माणसं डोलत होती. महाराज उभे असताना त्यांना थांबवायचं कुणी? वीणेकऱ्याच्या कानाशी तो लागला, "म्हाराजांना सांग, माझं एक बोलणं है." वीणेकऱ्यानं डोळे वटारले. मंडपाच्या मागच्या खांबापाशी बिरू येऊन बसलेला दिसला. शेजारी बानाबाई, हळदीचं बोट लावलेली, खुशीत.

महाराजांनी उपरणं सावरलं. आवाज खाली आणला. कीर्तन ऐकणाऱ्याला कळतं, आवाज असा खाली आला की दृष्टांत येतो.

"मैत्री म्हणजे काय, हे सांगायला मला पुराणात जायची गरज नाही. तुमच्या करमाडच्या मातीत एक लेकरू आहे. डोंगराचा उतार. समोरून गोळ्या. आणि हातात मित्राचं मनगट…"

मागं बिरूची मान ताठ झाली.

आता मंडळी, टाळकऱ्याचं एक बळ असतं. महाराज श्वास घ्यायला थांबले की ओळीतून गजर उठतो, आणि गजर उठला की महाराजांनाही त्यात यावंच लागतं. पण तो महाराजांच्या खुणेनं उठायचा. खुणेवाचून, ऐन बोलण्यात गजर काढणं म्हणजे ताटावरून माणूस उठवणं. बिभीषणानं आयुष्यात ते केलं नव्हतं. त्यानं डोळे मिटले आणि असेल नसेल त्या आवाजात ओरडला, "विठोबा रखुमाई, विठोबा रखुमाई…"

बाकीचे टाळकरी एकमेकांकडं बघायला लागले. मग सवयीनं एकानं धरलं, दुसऱ्यानं धरलं. पखवाज चढला. बिभीषण गजर आवरू देईना. घाम डोळ्यांत गेला तरी टाळ थांबवीना. बिरूनं एवढ्यात उठावं, मंडपाबाहेर पडावं, एवढीच त्याची देवाजवळ मागणी. पण बिरू हलला नाही. खांबाला पाठ लावून तो महाराजांकडं बघत होता.

महाराजांनी हात वर केला. गजर खाली बसला. ते बिभीषणाकडं बघून हसले आणि लोकांना म्हणाले, "बापाचं काळीज आहे. भरून आलं. राहवलं नाही त्याला." माणसं गहिवरली. "तर हातात मनगट होतं. खालून साहेब म्हणताहेत सोड. वरून काळ म्हणतो सोड. आणि या बहाद्दरानं काय केलं? सोडला नाही हो. खांद्यावर घेतला. भर गोळीबारात खांद्यावर घेऊन त्याला खाली आणला आणि मांडीवर डोकं घेऊन त्याला निरोप दिला. ती माउली इथं बसली आहे. माउली, तुझं लेकरू एकटं गेलं नाही."

बिभीषणानं टाळ जमिनीवर ठेवला. उभ्या कीर्तनात टाळ भुईला लागलेला त्या गावानं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. तो महाराजांच्या पायांवर पडला आणि उठून कानाला लागून म्हणाला, "म्हाराज, ते म्या रचलं. पोरगं तसं म्हणालं नव्हतं."

पण उशीर झाला होता. आशाबाई खुर्चीवरून उठली होती. गर्दीनं वाट दिली. ती मागच्या खांबाकडं चालत निघाली, दोन्ही हात पुढं, जसं आंधळं माणूस चाचपत जातं तसं. "माझ्या गोकुळला आणलंस तू," असं म्हणत होती. बिरू उभा राहिला. तिचे हात त्याच्या तोंडापर्यंत पोचले आणि त्यानं ते बाजूला केले. झिडकारले म्हणा ना. वळला आणि मंडपाची कनात वर करून बाहेर पडला.

"बिरू," बानाबाई म्हणाली.

बिभीषण त्याच वाटेनं बाहेर आला. पुढं हरभऱ्याचं रान, रानापलीकडं रेल्वेची पटरी. बिरू पटरीच्या रोखानं चालला होता. पळत नव्हता. पळाला असता तर बापाला एवढं भ्या वाटलं नसतं. पाऊल मोजल्यासारखं सरळ, ढेकळांतून, बांधावरून. बिभीषणानं हाक मारली. पायातली चप्पल ढेकळांत राहिली. दूर शिटी झाली. जालन्याकडून मालगाडी येत होती.

"बिरू, थांब. म्या खोटं बोललो. आरं, म्या बोललो ते."

बिरू भरावावर चढला. मालगाडी आली आणि मधे भिंत उभी राहिली. डब्यामागून डबा, डब्यामागून डबा. डब्यांच्या फटींतून पलीकडचं आभाळ चमकून जायचं, माणूस दिसत नव्हता. बिभीषण भरावाच्या पायथ्याला गुडघ्यांवर बसला. जन्मभर ज्याचं नाव घेतलं ते नावसुद्धा त्याला त्या घडीला आठवेना.

गाडी गेली.

पलीकडच्या उतारावर बिरू उकिडवा बसला होता. दोन्ही मुठींत पटरीची खडी गच्च धरलेली, इतकी की बोटांतून रक्त आलेलं. डोळे कुठं तरी लांब. बिभीषण पटरी ओलांडून गेला. त्याला मिठी मारावी वाटली, पण मॅडमचं एक बोलणं कसं कोण जाणे आठवलं, असा दूर गेलेला दिसला की एकदम अंगाला हात लावू नका, आधी तो कुठं आहे ते त्याला सांगा.

"बिरू, हे करमाड है. मी तुझा आबा. समोर हरभरा है. मालगाडी गेली. तू इथं हैस."

बऱ्याच वेळानं मुठी सैल झाल्या.

"तुम्ही सांगितलं म्हाराजाला."

"व्हय."

"मी एवढंच म्हणालो होतो, आबा. माझं मला सांगू द्या."

आणि तेवढ्यात मागं खडी वाजली. आशाबाई. अनवाणी, पदर खांद्यावर पडलेला, धापा टाकत पटरी ओलांडत होती. तिच्या मागं रानातून महाराज आणि नानासाहेब येताना दिसत होते. तिनं वळून त्यांना हातानं तिथंच थांबवलं.

"बाई, त्याची चूक नाय," बिभीषण उभा राहून हात जोडायला लागला, "ते खांद्यावर घेतल्याचं म्या रचलं, माझ्या मनानं…"

"तुम्ही गप बसा," आशाबाई म्हणाली. ती बिरूच्या समोर खडीवर बसली. "म्हंजी तू आणलं नाय त्याला."

"नाय मावशी."

"मंग काय झालं ते सांग."

बिरूनं बापाकडं पाहिलं. बापाला वाटलं, आता आपण काही तरी बोलावं. राहू द्या बाई, पोराची तब्येत बरी नाय, मॅडमला ईचारू. त्यानं ओठ दातांखाली धरले. सांगायचं की नाही, हे आता त्या एकट्याचं होतं.

"सांगतो," बिरू म्हणाला. आणि उतारापासून सुरुवात केली.

आशाबाईला कुणी नियम सांगितला नव्हता. ती मधे मधे विचारत राहिली. सकाळी खाल्लं होतं का त्यानं? काय गुणगुणत होता? बिरू दर वेळी थांबून उत्तर द्यायचा आणि पुन्हा धागा धरायचा. मनगटापाशी आला. आवाज चिरला, पण थांबला नाही. सुटला का सोडला, ते त्यानं जसंच्या तसं तिच्यापुढं ठेवलं. हाका मारत होता, तेही. आपण भ्यालो होतो, तेही.

आशाबाई खाली बघत होती. वारं सुटलं होतं, मंडपातून माईकची खरखर ऐकू येत होती.

"हात धरला होतास तव्हा त्याचा हात गरम हुता का?"

"व्हय. लई गरम. घामेजलेला."

"लहानपणापासनं तसेच हात त्याचे." मग म्हणाली, "सुटला का सोडला?"

"ठाऊक नाय, मावशी. रोज ईचारतो स्वतःला. खरंच ठाऊक नाय."

"तर मंग ठाऊक नाय असंच सांगत जा. तुझ्या बापावानी पुढचं लावू नको." तिनं पदरानं तोंड पुसलं. "माझा राग त्याचा नाय. सरकारी साहेब आले, सलामी दिली, पेटी दिली. म्या प्रत्येकाला ईचारलं, शेवटाला काय म्हणाला तो? कुणाला सांगता आलं नाय. तुला ठाऊक हुतं अन् तू गावात येऊन बसलास. माझ्या दारावरून बस जाती, बिरू."

बिरू हुंदक्यानं वाकला. ती त्याला जवळ घेईल असं बिभीषणाला वाटलं. तिनं घेतलं नाही. ती तशीच बसून राहिली, आणि बिरूचं रडणं ओसरल्यावर म्हणाली,

"पुन्हा सांग. सकाळपासनं सांग. तो पुढं चालत हुता तिथून."

बिरूनं पुन्हा सांगितलं.

विशाखा मॅडम चिडल्या. दुसऱ्या दिवशी छावणीतल्या त्या खोलीत त्यांनी बिभीषणाला चांगलंच सुनावलं. "काका, हे निभावलं म्हणून बरोबर ठरत नाही. ती गाडी यायच्या आत तो पलीकडं गेला नसता तर? मी त्याला एकेक पायरी उतरवत होते, तुम्ही त्याला वरून ढकललात." बिभीषणानं मान वर केली नाही. एका दिवसात सगळं बरं झालं असंही झालं नाही. पुढं बरेच दिवस बिरू भिंतीला पाठ लावूनच जेवला. छावणीच्या फेऱ्या सुट्टी संपेपर्यंत चालल्या, आणि सुट्टी संपल्यावर पलटणीतही बोलणं चालू राहील अशी तजवीज मॅडमनी करून दिली. पण परत जाताना डॉक्टरांनी त्याला तपासलं, तेव्हा ज्याची भीती होती तो आजार त्याला जडलेला नव्हता. रात्री झोप येत होती. तो दिवस आठवत होता, रडूही येत होतं, पण तो दिवस आता त्याच्या अंगावर धावून येत नव्हता.

सुट्टी संपेपर्यंत बुधवारी बुधवारी तो बसमधून मुकुंदवाडीला उतरायचा. आशाबाई चहा ठेवायची आणि त्याला सांगायला लावायची. कधी उताराचं, कधी नुसतंच भरतीच्या दिवसांचं.

रामप्रसाद महाराजांनी पुढच्याच कीर्तनात, हजार माणसांपुढं, सांगितलं की करमाडला मी जी कथा सांगितली ती चुकीची होती, आणि बरोबर कथा सांगायचा अधिकार माझा नाही. त्या हजारांत मी पण होतो. म्हणून तुम्हालाही सांगताना मी बिरूला आणि आशाबाईला विचारून आलो आहे. बिरू म्हणाला, सांगा. आशाबाईनं एक अट घातली, ती पुरी करतो आणि उठतो.

ती म्हणाली, लोकं माझ्या गोकुळला गोळी लागलेला म्हणूनच ओळखत्यात. तेवढाच नव्हता तो. तर मंडळी, मुकुंदवाडीचा गोकुळ होता. आवाज भसाडा, पण गाण्याची हौस दांडगी. चहात साखर जास्त लागायची. हात कायम गरम असायचे, थंडीत आई त्याच्या हातांत आपले हात देऊन बसायची. आज घरी जाऊन देवापुढं हात जोडाल, तेव्हा घडीभर त्याचं नाव घ्या. गोकुळ. एवढी आठवण त्याची ठेवा.